विम्याविना दातांचे उपचार: दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा नऊ महिन्यांचा अनुभव

खाजगी दवाखान्यात मिळालेला खर्चाच्या अंदाजाचा कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि घरी येऊन पुन्हा उघडला; रक्कम तेवढीच होती. डावीकडच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल, त्यावर कॅप, आणखी तीन दातांत सिमेंट आणि सगळ्या दातांची सफाई एवढे काम होते, आणि त्या सर्वांपुढे मिळून एकच आकडा लिहिलेला होता. माझ्या आरोग्य विम्यात दातांचा समावेश नाही. दातांसाठी वेगळा विमा घेता येतो का, हे त्या रात्री ठणका लागलेला असतानाच मी शोधले आणि ज्या योजना सापडल्या त्यांच्या अटी वाचून गप्प बसलो. बहुतेक ठिकाणी मोठ्या कामांसाठी काही महिन्यांची प्रतीक्षा होती, वर्षाला मिळणाऱ्या रकमेवर मर्यादा होती, आणि आधीपासून असलेल्या दुखण्याचा खर्च वगळलेला होता. विमा हा दुखायला लागण्यापूर्वी काढायचा असतो आणि दाताची आठवण माणसाला दुखल्यावरच होते, ही त्यातली खरी अडचण.

त्यानंतर एका परिचितांच्या सांगण्यावरून मी दंत महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात गेलो. तेथे नऊ महिन्यांत माझ्या एकूण अकरा फेऱ्या झाल्या, एका दातातले सिमेंट सोडून वर उल्लेखलेली सर्व कामे पूर्ण झाली आणि एकूण खर्च त्या कागदावरच्या रकमेच्या चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक आला. हा लेख त्या सेवेचे परीक्षण आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण यातल्या काही गोष्टी तक्रारवजा आहेत, आणि शिक्षणासाठी चालणाऱ्या अशा रुग्णालयांची कार्यपद्धती सर्वसाधारणपणे सारखीच असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पैशांचा विचार करताना बहुतेक जण तेथेच चुकतात आणि मीही चुकणार होतो. दाढ काढून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपचार वाटतो. काढण्याचा खर्च रूट कॅनालच्या तुलनेत किरकोळ असतो आणि दुखणे त्याच दिवशी थांबते. मात्र माझी ही दाढ म्हणजे साधारण सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ होती आणि चावण्याचा बराच भार तिच्यावर असतो. ती काढली की शेजारचे दात हळूहळू रिकाम्या जागेकडे कलू लागतात, वरची दाढ आधार नसल्यामुळे खाली उतरू लागते, आणि पुढे ती जागा भरायची म्हटली तर ब्रिजसाठी दोन्ही बाजूंचे चांगले दात घासावे लागतात किंवा हाडात इम्प्लांट बसवावे लागते. या दोहोंचा खर्च वाचवलेल्या दाढेपेक्षा जास्त असतो. काढता-घालता येणारी लहान कवळी स्वस्त पडते, पण ती प्रत्येकाला मानवत नाही. अर्थात जो दात वाचण्यासारखाच नाही, त्याच्यावर पैसे घालवण्यात काहीच अर्थ नसतो. अक्कलदाढ किडली असेल तर ती काढणेच बहुधा शहाणपणाचे असते. म्हणून ‘स्वस्तात काय होईल’ यापेक्षा ‘हा दात किती वर्षे टिकेल’ हा प्रश्न आधी विचारावा, आणि या प्रश्नाचे सरळ उत्तर मला प्रथम या रुग्णालयातच मिळाले.

पहिल्या दिवशी मी सकाळी नोंदणीच्या खिडकीपाशी उभा राहिलो आणि बाहेर पडलो तेव्हा दुपार झाली होती. केसपेपर काढणे, निदान विभागातील तपासणी, एक्स-रे, पुन्हा निदान विभाग, आणि मग संबंधित विभागाकडे रवानगी असा तो क्रम होता. प्रत्येक ठिकाणी थांबावे लागले. बसायला बाके पुरेशी नव्हती आणि नावे पुकारणाऱ्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नव्हता, त्यामुळे माझी पाळी एकदा चुकली. ज्यांना अर्ध्या दिवसाची रजा मिळणे कठीण आहे किंवा ज्यांची मजुरी दिवसावर ठरते, त्यांनी हा हिशेब आधी मांडावा. तेथे पैसे कमी लागतात हे खरे, पण वेळ भरपूर द्यावा लागतो, आणि ज्याचा वेळ म्हणजेच पैसा आहे त्याला हा सौदा स्वस्त पडेलच असे नाही.

तपासणी मात्र मी आजवर अनुभवलेल्या कोणत्याही तपासणीपेक्षा बारकाईची होती. एक विद्यार्थी आरसा आणि टोकदार हत्यार घेऊन एकेका दातापाशी थांबत होता आणि आकडे उच्चारत होता. दुसरी विद्यार्थिनी ते कागदावर भरत होती. ‘छत्तीस, खोल कीड,’ असे ऐकल्यावर मी न राहवून विचारले, की तोंडात दातच बत्तीस असताना छत्तिसावा कुठून आला. दोघेही हसले. तोंडाचे चार भाग पाडून प्रत्येकाला एक ते चार असा क्रमांक देतात आणि त्या भागातील दात मधून मागे मोजतात. डावीकडचा खालचा भाग तिसरा आणि त्यातली सहावी म्हणून ती छत्तीस, असे मला समजावण्यात आले. त्या दाढेशी माझा छत्तीसचा आकडा होता, तो अशा रीतीने कागदोपत्रीही नोंदवला गेला.

त्यानंतर कापसाचा अगदी थंड केलेला बोळा आधी शेजारच्या दाताला लावला. तेथे सणक आली आणि दोन-तीन सेकंदांत गेली. छत्तीसला लावला तेव्हा काहीच जाणवले नाही. मग आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकले, आणि मी खुर्चीत अर्धा उठलो. थंडीची जाणीव नाही आणि ठोकल्यावर कळ येते, याचा अर्थ आतली नस बहुधा मेली आहे आणि संसर्ग मुळाच्या टोकापर्यंत गेला आहे, असे त्या मुलाने सांगितले. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी दिसणारी काळसर सावली त्याने पेन्सिलच्या टोकाने दाखवली. नंतर अध्यापिका आल्या, त्यांनी तीच परीक्षा स्वतः पुन्हा करून पाहिली आणि मगच कागदावर सही केली. माझ्यावर शिकाऊ हात चालणार, ही भीती मनात होती; ती याच ठिकाणी बरीचशी गेली, कारण प्रत्येक निष्कर्ष दुसऱ्या कोणीतरी तपासल्याशिवाय पुढे जात नव्हता. खाजगी दवाखान्यात डॉक्टर निःसंशय अधिक अनुभवी असतात, पण त्यांच्या निर्णयावर त्याच क्षणी दुसरी नजर फिरवणारे कोणी नसते.

या रुग्णालयातून मिळालेली सर्वांत उपयोगी वस्तू कोणती, असे मला विचारले तर मी उपचारांच्या क्रमाचा कागद असे उत्तर देईन. त्यावर पाच कामे होती आणि प्रत्येकापुढे ते कधीपर्यंत केले पाहिजे हे लिहिले होते. छत्तीसचे रूट कॅनाल ताबडतोब. हिरड्यांखालचे कीटण काढणे त्याच महिन्यात. दोन लहान किडी तीन महिन्यांत भरल्या तरी चालतील. तिसरी, जी खाजगी दवाखान्यात सिमेंट भरण्याच्या यादीत होती, ती अद्याप दाताच्या वरच्या कठीण आवरणातच आहे. फ्लोराइडचा लेप लावून सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, आणि वाढलेली दिसली तर भरू. कॅप रूट कॅनालनंतर लवकरात लवकर. आधीच्या कागदावर हे सगळे एकाच आकड्यात गुंडाळलेले होते, त्यामुळे मला एक तर सगळे करावे लागेल किंवा काहीच नाही, असे वाटले होते. ज्यांना खाजगी दवाखान्यातच उपचार घ्यायचे आहेत त्यांनीही असा क्रम लेखी मागावा, प्रत्येक कामाची रक्कम वेगळी लिहून घ्यावी आणि थांबल्यास नक्की काय बिघडेल ते विचारावे. प्रामाणिक डॉक्टर हे आनंदाने सांगतात. आणि ज्यांना या प्रश्नाचा राग येतो, त्यांच्याकडे कमी खर्चातही जाऊ नये.

दाढेला तीन-चार नलिका असतात आणि त्या बारीक व वाकड्या असतात, म्हणून ते काम पदवीच्या विद्यार्थ्याकडे न देता पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका तरुण डॉक्टरकडे सोपवण्यात आले. खाली जबड्यात सुन्न करण्याचे इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटांनी तिने ओठ बधिर झाला का, असे विचारले. झाला नव्हता. तिने पुन्हा दिले आणि या वेळी अर्धी जीभ आणि ओठ जड झाले. ‘काका, दुखलं तर डावा हात वर करा, बोलू नका,’ असे तिने बजावले आणि दाढेवर रबराचा चौकोनी पडदा ताणून बसवला. या पडद्यामुळे लाळ दाढेत जात नाही आणि बारीक हत्यार किंवा औषध घशात उतरत नाही. ही युक्ती १८६४ साली सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने काढली आणि आजही रूट कॅनालमध्ये तिला पर्याय नाही; तरीही याआधी खाजगी दवाखान्यात माझ्या एका दाताचे रूट कॅनाल झाले तेव्हा तो पडदा कोणी वापरला नव्हता. कोठेही रूट कॅनाल करून घेताना हा पडदा लावणार का, हे रुग्णाने अवश्य विचारावे. त्यावर मिळणारे उत्तर त्या जागेबद्दल पुष्कळ सांगून जाते.

पुढचा तास मी तिच्या हातातील फाइलींकडे, म्हणजे नलिका घासून साफ करण्याच्या सुईसारख्या बारीक हत्यारांकडे, पाहत काढला. क्रमांक १० ची फाइल टोकाशी ०.१० मिलिमीटर जाड असते, म्हणजे केसाइतकी. तिच्यावर रबराची इवलीशी चकती असते आणि ती चकती पोलादी पट्टीवर ठेवून मुळाची लांबी मोजतात. ती प्रत्येक वेळी फाइल पट्टीवर धरून आकडा पुटपुटत असे, मग दाढेत फिरवून काढत असे, मग नलिकेत सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण सोडत असे. त्याचा वास कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचसारखाच येतो, कारण मुळात द्रव्य तेच आहे. अनुभवी डॉक्टर हेच काम यंत्रावर फिरणाऱ्या फाइलींनी पुष्कळ लवकर करतात. येथे हाताने आणि मोजूनमापून चालले होते, त्यामुळे पहिल्या दिवशी फक्त दोन नलिका पुरेशा उघडल्या आणि तिसरीसाठी पुढची तारीख मिळाली.

चौथ्या फेरीला नलिका भरण्यात आल्या. त्या दिवशीचा एक प्रसंग मला या साऱ्या व्यवस्थेचे सार वाटतो. गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाच्या बारीक काड्या नलिकांत बसवून तिने एक्स-रे काढला आणि तो घेऊन ती अध्यापकांकडे गेली. त्यांनी तो दिव्यासमोर धरला, मागच्या मुळातल्या पांढऱ्या रेषेवर नख ठेवले आणि एवढेच म्हणाले, ‘तीन मिलिमीटर कमी आहे. काढ आणि पुन्हा भर.’ तिचा चेहरा उतरला. माझाही उतरला, कारण जबडा उघडा ठेवून दीड तास होऊन गेला होता. भरलेली रेषा मुळाच्या टोकाच्या अगदी जवळ, साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर अलीकडे संपावी लागते. त्याहून कमी भरली तर रिकाम्या जागेत जंतू उरण्याची शक्यता असते. तिने ती काडी काढली, नलिका पुन्हा धुतली, कागदाच्या बारीक सुरळ्या घालून कोरडी केली आणि पुन्हा भरली. दुसऱ्या एक्स-रेवर अध्यापकांनी मान हलवली. खाजगी ठिकाणी ती पहिली काडी तशीच राहिली असती की काढली गेली असती, याचे उत्तर मला देता येणार नाही. येथे ती काढली गेली हे मात्र मी स्वतः पाहिले.

आता तक्रार. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये परीक्षा आल्या. ठरलेल्या दिवशी मी गेलो तेव्हा विभागात शुकशुकाट होता आणि खिडकीवरच्या माणसाने, तीन आठवड्यांनी या, एवढेच सांगितले. दाढ उघडी करून तिच्यात औषध घातलेले होते आणि वर तात्पुरते सिमेंट होते. दोन आठवड्यांनी ते सिमेंट सुटले, मी फोन केला तो कोणी उचलला नाही, आणि चार दिवसांत गालावर सूज आली. मी थेट जाऊन उभा राहिल्यावर हजर असलेल्या दुसऱ्या डॉक्टरने नलिका पुन्हा धुतल्या, सिमेंट बदलले आणि सूज उतरली. परंतु त्यात दोन फेऱ्या वाढल्या आणि आधी केलेले थोडे काम वाया गेले. परीक्षांचे वेळापत्रक महाविद्यालयाला महिनोन्महिने आधी माहीत असते. ते उपचार सुरू असलेल्या रुग्णाला सांगितले जात नाही, हा मला अक्षम्य हलगर्जीपणा वाटतो. ज्यांना अशा रुग्णालयात जायचे आहे त्यांनी पहिल्याच दिवशी परीक्षा आणि सुट्ट्या केव्हा आहेत हे विचारून घ्यावे, त्या काळात तातडीसाठी कोणाला भेटायचे ते केसपेपरवर लिहून घ्यावे, आणि तात्पुरते सिमेंट सुटले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता जावे.

सूज आली तेव्हा औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून वेळ मारून न्यावी, असा सल्ला मला तीन जणांनी दिला होता. पैसे नसताना हा मोह फार होतो. गोळ्यांनी सूज उतरू शकते, पण दाढेच्या पोकळीत जिथे रक्तपुरवठाच राहिलेला नाही तिथे औषध पोहोचत नाही, आणि कारण तसेच राहिल्यामुळे सूज परत येते. आतली घाण काढणे किंवा दात काढणे, याखेरीज तिसरा उपाय नसतो. आणि सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे पसरू लागली, ताप आला, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर खर्चाचा विचार बाजूला ठेवून मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातच जायचे असते. तो संसर्ग श्वासमार्ग बंद करू शकतो.

लहान किडी भरण्याचे काम पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने केले. त्यांना ठरावीक संख्येची ठरावीक कामे पूर्ण करून दाखवावी लागतात, त्यामुळे साधी, सरळ कीड घेऊन आलेला रुग्ण त्यांना हवाच असतो. माझ्या विद्यार्थ्याने मला स्वतः फोन करून तारीख दिली आणि खिडकीपाशी उभे राहावे लागू नये म्हणून माझा केसपेपर स्वतः काढून आणला. या गरजेचा फायदा रुग्णाने निःसंकोचपणे घ्यावा. सफाईही अशाच एका विद्यार्थिनीने दोन बैठकांत केली. कीटण काढताना हिरड्यांतून बरेच रक्त आले, मात्र आठवड्याभरात ते थांबले आणि तोंडाला येणारा वास गेला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कॅपच्या बाबतीत मात्र हिशेब बदलतो, आणि तेथेच पुष्कळ रुग्ण काम अर्धवट सोडतात. रूट कॅनालमध्ये खर्च मुख्यतः कौशल्याचा आणि वेळेचा असतो, आणि शिक्षणासाठी चालणाऱ्या रुग्णालयात त्या दोहोंचे मोल जवळजवळ घेतले जात नाही. कॅप बाहेरच्या प्रयोगशाळेत बनते आणि तिचे बिल भरावेच लागते. त्यामुळे येथील बचत एकदम कमी झाली. दुखणे तर थांबलेले असते. मग कॅप कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण किडीने आणि उपचाराने आतून पोकळ झालेली दाढ चावण्याच्या दाबाखाली तडकू शकते, आणि तड मुळापर्यंत गेली तर ती काढावीच लागते. म्हणजे आधीचा सगळा खर्च आणि सगळ्या फेऱ्या वाया. मला तीन पर्याय दाखवण्यात आले: संपूर्ण धातूची, धातूवर चिनी मातीचा थर दिलेली, आणि झिर्कोनियाची. मी धातूची घेतली. ती सर्वांत स्वस्त होती, तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते, आणि मागची दाढ हसताना कोणाला दिसत नाही. घरच्यांना ती आवडलेली नाही, पण चावायचे मला आहे.

स्वच्छतेविषयी लोक सर्वांत आधी विचारतात, म्हणून सांगतो. हत्यारे बंद पाकिटांत येत होती आणि ती माझ्यासमोर फोडली जात होती. वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रातून गेल्यावर पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो. तो बदललेला आहे का, हे कोणताही रुग्ण स्वतः पाहू शकतो आणि पाहावे. हातमोजे दर रुग्णाला नवे होते. एका दिवशी विद्यार्थ्याने मोजे घातलेल्या हातानेच दाराची मूठ फिरवली आणि तसाच परत आला; मी सांगितल्यावर त्याने ते ताबडतोब बदलले आणि त्याला राग आला नाही. प्रसाधनगृहांची अवस्था मात्र वाईट होती.

एक काम मी स्वतःसाठी केले नाही, पण ते येथे नोंदवण्याजोगे आहे. माझ्या आत्याच्या दातांची मुळे हिरड्या मागे सरकल्यामुळे उघडी पडली आहेत आणि त्यांच्यात चार ठिकाणी कीड आहे. वयामुळे तिला तास-तासभर खुर्चीत बसवत नाही. तिला घेऊन गेलो तेव्हा तेथील अध्यापिकांनी कोरणे टाळून सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव किडीवर लावले. दहा मिनिटांचे काम, इंजेक्शन नाही, यंत्राचा आवाज नाही. याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे त्यांनी आधीच सांगून संमती घेतली. पुढच्या दातांवर ते अनेकांना चालणार नाही. मात्र त्यामुळे किडीची वाढ बऱ्याचदा थांबते आणि खर्च नगण्य असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे द्रव, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि दात भरण्याचे ग्लास आयोनोमर सिमेंट यांचा समावेश केला. अनेक खाजगी दवाखान्यांत हा पर्याय सुचवलाच जात नाही. वृद्धांसाठी आणि लहान मुलांसाठी तो आपण होऊन विचारावा. टूथपेस्ट घेताना वेष्टनावर फ्लोराइडचे प्रमाण १००० ते १५०० पीपीएम आहे का, एवढे पाहिले तरी पुरे. बाकी सगळी जाहिरात असते.

या रुग्णालयात कोणत्या रुग्णांनी जाऊ नये, हेही लिहिले पाहिजे. ज्यांचा जबडा फार वेळ उघडा राहत नाही, ज्यांना आठवड्याला एक फेरी शक्य नाही, ज्यांचा प्रवास लवकरच ठरलेला आहे, त्यांच्यासाठी ही जागा नव्हे. आधी एकदा बिघडलेले रूट कॅनाल दुरुस्त करायचे असेल तर थेट तज्ज्ञाकडे जावे किंवा येथे अध्यापक स्वतः ते करतील का, हे आधी ठरवून घ्यावे. अशांसाठी मधला मार्ग असा, की निदान, एक्स-रे आणि क्रमाचा कागद येथे करून घ्यायचा, सफाई आणि लहान किडी येथेच भरून घ्यायच्या, आणि एखादे अवघड काम तेवढे खाजगी दवाखान्यात वेगळे सांगून करून घ्यायचे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तसेच केले. दवाखान्यातून मिळणाऱ्या हप्त्यांच्या सोयीबद्दल मात्र त्यांना पस्तावावे लागले: पहिले काही महिने व्याज नव्हते, एक हप्ता उशिरा गेल्यावर सुरुवातीपासूनचे व्याज एकदम लागले. सही करण्यापूर्वी ते कलम वाचायला हवे होते, असे त्याच म्हणतात.

गेल्या महिन्यात सहा महिन्यांच्या तपासणीसाठी गेलो होतो. माझी डॉक्टर आता वरच्या वर्षात आहे. तिने नवा एक्स-रे काढून जुन्याशेजारी लावला. मुळाच्या टोकाची सावली आक्रसून तांदळाच्या दाण्याएवढी उरली आहे. जी कीड आम्ही थांबून पाहायची ठरवली होती ती वाढलेली नाही, त्यामुळे ती भरण्याचा खर्च तूर्त टळला. उजवीकडच्या वरच्या एका जुन्या सिमेंटची कड मात्र उचकटली आहे आणि ते बदलायचे आहे. तिने पुढच्या महिन्यातली तारीख सुचवली, तेव्हा मी आधी परीक्षा केव्हा आहेत ते विचारले, आणि आम्ही त्यानंतरची तारीख घेतली.